नावावर न होणारे घर : मराठवाड्यातून आधुनिक अमेरिकन नाटकाचा अभ्यास

आधुनिक अमेरिकन नाटक या नावाने विद्यापीठांत जे शिकवले जाते त्याचा आरंभ सर्वसाधारणपणे १९१६च्या आसपास धरला जातो, आणि यूजीन ओनील, टेनेसी विल्यम्स, आर्थर मिलर व एडवर्ड आल्बी हे त्याचे प्रमुख नाटककार मानले जातात. परभणी जिल्ह्यातील जिंतूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याची या नावांशी गाठ पडते ती बहुधा परीक्षेच्या निमित्ताने, आणि तीही पुष्कळदा बाजारात मिळणाऱ्या गाइडांतून, जिथे कथानक, पात्रपरिचय आणि ‘अमेरिकन स्वप्नाचा भंग’ हे ठरलेले उत्तर तयार असते. हे उत्तर चुकीचे नाही. ते इतके सैल आहे की कोणत्याही नाटकाला चिकटवता येते, हा त्याचा दोष. त्यापेक्षा एक साधे निरीक्षण अभ्यासाला अधिक उपयोगी पडते. या नाटकांतील संघर्ष बहुतेक वेळा एका घरात घडतो, आणि ते घर कधी कर्जाखाली असते, कधी कर्जापायी हातचे गेलेले असते, कधी वर्णामुळे नाकारले जाते, तर कधी त्यावर वारसांचा डोळा असतो. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात चढलेला बँकेचा बोजा म्हणजे काय हे ज्याला समजावून सांगावे लागत नाही, त्या वाचकाला ही नाटके परकी वाटण्याचे कारण फारसे उरत नाही.

मराठवाड्यात हा अभ्यास कोणत्या वाटेने आला हेही पाहण्यासारखे आहे. १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या या भागातील उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते; औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाल्यावर परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये, जिंतूरच्या ज्ञानोपासक महाविद्यालयासह, त्याच्या कक्षेत आली. प्रशासकीय नाते असे बदलत गेले तरी हैदराबादचे ग्रंथालयीन महत्त्व कमी झाले नाही, कारण १९६४ मध्ये उस्मानियाच्याच आवारात ‘अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर’ ही संस्था उभी राहिली आणि अमेरिकेविषयीच्या पुस्तकांचा तिथला संग्रह देशभरच्या संशोधकांचा आधार बनला. परभणीहून रेल्वेने एका रात्रीत गाठता येणारे हे ग्रंथालय मराठवाड्यातील प्राध्यापकांना मुंबईपेक्षाही सोयीचे होते.

अशा उपक्रमांमागील पैशाची कथा साहित्याच्या इतिहासांत सहसा येत नाही. १९५४च्या अमेरिकन कायद्यानुसार, जो भारतात ‘पी. एल. ४८०’ या नावाने ओळखला गेला, भारताला अमेरिकन धान्य डॉलरऐवजी रुपयांत विकत घेता येत असे. हे रुपये भारतातच साचत गेले आणि त्यांतील काही भाग शिक्षण, ग्रंथ व सांस्कृतिक देवाणघेवाण यांवर खर्च होऊ लागला. रेशनवरचा लाल गहू आणि मिलो ज्वारी ज्या कायद्याने आली, त्याच कायद्याच्या आधाराने अमेरिकन पुस्तके भारतीय विद्यापीठांत आली, आणि उलट दिशेने १९६०च्या दशकापासून मराठी पुस्तकेही अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जाऊ लागली. अमेरिकन साहित्याच्या अभ्यासाला शीतयुद्धाच्या राजकारणाची पार्श्वभूमी होती हे त्यामुळे लपवण्याचे कारण नाही. गंमत अशी की त्याच पुस्तकांत अमेरिकेवर सर्वांत कठोर टीका करणारे अमेरिकन नाटककारही होते.

दुसरी वाट अधिक जिव्हाळ्याची होती. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातील म. ना. वानखेडे अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतले आणि कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकांचे साहित्य दलित लेखकांसमोर ठेवू लागले. त्याच परिसरातून १९६७ साली निघालेल्या आणि पुढे ‘अस्मितादर्श’ म्हणून गंगाधर पानतावणे यांनी वाढवलेल्या नियतकालिकाने या चर्चेला व्यासपीठ दिले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतले. लातूरचे जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृति’ हा ग्रंथ मराठीत लिहिला, आणि तेच पुढे नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. म्हणजे जिंतूरचे महाविद्यालय ज्या विद्यापीठाला जोडलेले आहे, त्याची घडी बसवणारा विद्वान अमेरिकन साहित्याचाच अभ्यासक होता, आणि त्याला त्या साहित्यात रस होता तो दलित साहित्याशी असलेल्या नात्यामुळे. गाइडांतील उत्तरांत या नात्याचा मागमूस नसतो, ही खेदाची गोष्ट आहे.

ओनीलच्या आधीचे अमेरिकन नाटक अतिनाट्यावर, म्हणजे भडक प्रसंग, सुष्ट-दुष्ट पात्रे आणि शेवटी हमखास न्याय अशा साच्यावर पोसलेले होते. ओनीलचे वडील जेम्स हे त्याच रंगभूमीचे लोकप्रिय नट होते आणि ‘काउंट ऑफ माँटे ख्रिस्तो’ची एकच भूमिका त्यांनी वर्षानुवर्षे केली. १८८८ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील हॉटेलात जन्मलेल्या यूजीनचे बालपण बापाच्या दौऱ्यांत गेले. पुढे खलाशीगिरी, दारू आणि क्षयाचा आजार यांतून तो नाटकाकडे वळला. १९१६च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील प्रॉव्हिन्सटाउन या किनाऱ्यावरच्या गावात काही हौशी मंडळींनी धक्क्यावरील एका जुन्या लाकडी इमारतीत त्याची एकांकिका केली, आणि आधुनिक अमेरिकन नाटकाचा आरंभ म्हणून हाच प्रयोग सांगितला जातो. १९२०च्या ‘बियाँड द होरायझन’ला पुलित्झर पारितोषिक मिळाले. मराठी रंगभूमीवर इब्सेनच्या धर्तीचे वास्तववादी वळण ठळकपणे आणणारे नाट्यमन्वंतरचे ‘आंधळ्यांची शाळा’ १९३३ साली आले हे लक्षात घेतले, तर दोन्ही रंगभूमी या वळणावर जवळपास एकाच पिढीत आल्या असे दिसते. संगीत नाटकाच्या बहराच्या काळात अमेरिका फार पुढे होती हा समज म्हणूनच तपासून घ्यावा लागतो.

वास्तववाद म्हणजे रंगमंचावर खऱ्या आयुष्यासारखी खोली, खऱ्यासारखी भाषा आणि प्रेक्षकांच्या बाजूला जणू एक अदृश्य चौथी भिंत आहे असे मानून केलेला अभिनय. ओनीलने तो आत्मसात केला आणि मोडलाही. ‘द एम्परर जोन्स’ व ‘द हेअरी एप’ या नाटकांत त्याने अभिव्यक्तिवाद वापरला, म्हणजे बाह्य जग जसे आहे तसे न दाखवता पात्राच्या भयगंडातून ते जसे विकृत भासते तसे दाखवले. पहिल्या नाटकात जंगलात पळणाऱ्या नायकाच्या मागे नाडीच्या ठोक्यांसारखा ढोल वाजत राहतो आणि त्याची लय वाढत जाते. १९३६ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणारा तो आजवरचा एकमेव अमेरिकन नाटककार आहे. तरीही त्याचे खरे मोठेपण त्यानंतर लिहिलेल्या ‘लाँग डेज जर्नी इंटू नाइट’ या नाटकात आहे. १९१२च्या ऑगस्टमधील एक दिवस, सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत, समुद्रकाठच्या घरात चार माणसे एकमेकांना दोष देतात, क्षमा मागतात आणि पुन्हा दोष देतात: जमिनी घेत सुटलेला पण डॉक्टरवर खर्च करताना हात आखडणारा नट-बाप, मॉर्फिनच्या आहारी गेलेली आई, दारुडा थोरला मुलगा आणि क्षय झालेला धाकटा. हे ओनीलचे स्वतःचेच घर होते, म्हणून मृत्यूनंतर पंचवीस वर्षे ते प्रसिद्ध करू नये अशी त्याची इच्छा होती. १९५३ मध्ये तो वारल्यावर पत्नीने ते १९५६ सालीच प्रकाशात आणले. नाटकात बाहेरून काहीही घडत नाही. परीक्षेसाठी ‘कथानक लिहा’ असा प्रश्न या नाटकावर विचारणे त्यामुळे निरर्थक ठरते.

आर्थर मिलरचा जन्म १९१५चा, न्यूयॉर्कचा. वडिलांचा स्त्रियांच्या कोटांचा व्यवसाय १९२९च्या महामंदीत बुडाला आणि कुटुंब सुखवस्तू वस्तीतून ब्रुकलिनमधल्या छोट्या घरात आले. १० फेब्रुवारी १९४९ रोजी रंगमंचावर आलेल्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’च्या मुळाशी हा अनुभव आहे. विली लोमन हा साठी ओलांडलेला फिरता विक्रेता आहे. त्याचा पगार बंद होऊन तो निव्वळ कमिशनवर आला आहे, मुलांकडून ठेवलेल्या अपेक्षा फसल्या आहेत, शीतकपाट, मोटार आणि घराचे छप्पर यांचे हप्ते चालू आहेत. घरावरील पंचवीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता तेवढा राहिला आहे, आणि तो फिटतो तेव्हा घरात राहायला विली नसतो, कारण विम्याचे वीस हजार डॉलर मुलाला मिळावेत म्हणून त्याने मोटारीचा अपघात घडवून जीव दिलेला असतो.

मराठवाड्यातील वाचकाला हे नाटक वाचताना शेतकरी आत्महत्या आठवल्याशिवाय राहत नाहीत, आणि ती आठवण अभ्यासाच्या आड येऊ नये म्हणून बाजूला सारण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देताना प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ याचा निर्णय जिल्हास्तरीय समिती करते. मिलरच्या नाटकातही विमा कंपनी हा मृत्यू मान्य करील का, ही शंका विलीच्या मनातील भाऊ बोलून दाखवतो, आणि पैसे मिळाले की नाही हे नाटक अखेरपर्यंत सांगत नाही. माणसाच्या मरणाची किंमत कागदावर ठरणे हा दोन्हीकडचा समान धागा आहे. फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. शेतकऱ्याचे कर्ज बियाणे, खत आणि विहिरीसाठी, म्हणजे उत्पादनासाठी घेतलेले असते आणि पावसाने किंवा भावाने दगा दिला की ते थकते. विलीचे कर्ज उपभोगाच्या वस्तूंचे आहे, आणि त्याच्या नाशात त्याच्या स्वतःशी बोललेल्या खोट्याचा, लोकांना आवडणारा माणूस यशस्वी होतोच या भाबड्या श्रद्धेचा वाटा मोठा आहे. ही तुलना जिथे तुटते तिथेच मिलरचे नाटक अधिक स्पष्ट दिसू लागते.

शोकात्मिकेचा नायक राजा किंवा वीरपुरुष असावा, ही ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली धारणा मिलरने त्याच वर्षी लिहिलेल्या एका निबंधात नाकारली, आणि आपली प्रतिष्ठा राखण्यासाठी प्राण पणाला लावणारा सामान्य माणूसही त्या उंचीला पोहोचतो असे प्रतिपादन केले. विली त्या उंचीला खरोखर पोहोचतो का, यावर समीक्षकांचे एकमत नाही, आणि ते व्हावे अशी अपेक्षाही नसावी. निर्विवाद आहे ती नाटकाची बांधणी. जो मिल्झिनरने रचलेल्या नेपथ्यात घराचा केवळ सांगाडा दिसतो आणि भोवती उंच इमारतींनी ते कोंडलेले असते. रंगसूचना अशी आहे की वर्तमानकाळातील प्रसंगांत पात्रांनी दारातूनच ये-जा करावी, आणि विलीच्या मनातील भूतकाळ सुरू झाला की भिंतीच्या काल्पनिक रेषा खुशाल ओलांडाव्यात. ही एक सूचना वाचायची राहिली तर विद्यार्थ्याला संवाद विस्कळीत वाटतात आणि विलीला वेड लागले आहे असा समज होतो. रंगसूचना म्हणजे कंसातला किरकोळ मजकूर नव्हे; मिलर आणि विल्यम्स यांच्या बाबतीत अर्धे नाटक तिथे आहे.

मिलरचे ‘द क्रूसिबल’ (१९५३) हे त्याहून वेगळे, ऐतिहासिक नाटक, आणि घराच्या सूत्रात ते पूर्णपणे बसत नाही. १६९२ साली मॅसॅच्युसेट्सच्या सेलम गावात काही मुलींच्या आरोपांवरून चेटूक केल्याबद्दल एकोणीस जणांना फाशी झाली आणि एकाला दगडांखाली दाबून मारले गेले. मिलरने या घटनेतून आपल्या काळातील कम्युनिस्टविरोधी चौकशांकडे बोट दाखवले; १९५६ मध्ये त्याला स्वतःला अशाच समितीपुढे उभे राहावे लागले आणि इतरांची नावे सांगण्यास नकार दिल्याबद्दल तो दोषी ठरला, पुढे १९५८ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला. मराठवाड्यात या नाटकाचे भाष्य म्हणून भानामतीची प्रकरणे समोर ठेवता येतात. अंगात येणे, घुमणे, मग कुणा एका बाईवर संशय आणि त्या संशयामागे पुष्कळदा जुनी भाऊबंदकी किंवा बांधाचे भांडण, ही साखळी सेलममध्येही अशीच होती; तिथेही आरोप करणाऱ्यांपैकी काहींचा डोळा शेजाऱ्याच्या जमिनीवर होता असे मिलर दाखवतो. करणी किंवा जादूटोणा करते असे म्हणून एखाद्या व्यक्तीचे जगणे अवघड करणे महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. सेलमच्या न्यायालयात नेमके उलट होते, तिथे आरोपच पुरावा मानला जात असे.

टेनेसी विल्यम्सशी मराठी रंगभूमीचा संबंध थेट आहे, कारण त्याच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ (१९४७) या नाटकाचा ‘वासनाचक्र’ हा मराठी अनुवाद विजय तेंडुलकरांनी केला. विल्यम्स १९११ साली मिसिसिपी राज्यात जन्मला; बाप बुटांच्या कंपनीचा फिरता विक्रेता, आई जुन्या दक्षिणी घराण्याच्या आठवणींत रमणारी, आणि बहीण रोझ मनोरुग्ण, जिच्या मेंदूवर १९४३ मध्ये शस्त्रक्रिया करण्यात आली. ‘द ग्लास मिनाजरी’ हे त्याचे स्मृतिनाट्य, म्हणजे निवेदकाच्या आठवणीत घडणारे नाटक, या घराची छाया घेऊन येते. ‘स्ट्रीटकार’मध्ये ब्लांश ही वडिलोपार्जित मळा कर्जात आणि घरच्यांच्या एकामागून एक आजारपण-अंत्यविधींत गमावून न्यू ऑर्लिन्सला बहिणीच्या दोन खोल्यांच्या घरी येते. मजूरवर्गातला, तडाखेबंद मेहुणा स्टॅन्ली याला आधी हिशेब हवा असतो की मळा गेला कसा आणि त्यात बायकोचा वाटा किती. उघड्या दिव्यावर ब्लांश कागदी कंदील चढवते, तिच्या कानात इतरांना न ऐकू येणारी नृत्याची धून वाजते. वास्तव जसेच्या तसे न मांडता प्रकाश, संगीत आणि वस्तूंमधून मनाची अवस्था घडवणाऱ्या या रीतीची मांडणी विल्यम्सने ‘ग्लास मिनाजरी’च्या प्रस्तावनेत केली आहे.

तेंडुलकरांना या नाटकात काय दिसले असावे हे त्यांच्या स्वतःच्या लेखनावरून ताडता येते. ‘गिधाडे’ आणि ‘सखाराम बाइंडर’ यांतील घरातली हिंसा विल्यम्सकडून उसनी घेतलेली नाही, तिची मुळे मराठी मध्यम व कनिष्ठ वर्गात आहेत. परंतु अशी हिंसा दिवाणखान्यात उघड्यावर मांडता येते आणि प्रेक्षकाला न्यायाधीश होऊ न देता साक्षीदार करता येते, याचे बळ अशा वाचनातून मिळते. २००४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तेंडुलकरांच्या नाटकांचा महोत्सव झाला आणि ‘सखाराम बाइंडर’चा इंग्रजी प्रयोग अमेरिकन कलावंतांनी केला. अनुवादाची वाहतूक एकेरी राहिली नाही हे त्यातून दिसते.

विल्यम्सच्या गमावलेल्या मळ्याशेजारी ठेवून वाचावे असे मराठी नाटक मात्र महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) हे आहे. विदर्भातील धरणगावचे देशपांडे कुटुंब, घरधन्याच्या मृत्यूनंतर तेरवीच्या खर्चाची विवंचना, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, दागिन्यांवर खिळलेले डोळे आणि मुंबईला गेलेल्या भावाबद्दलची असूया, हे सारे जिंतूरच्या आसपासच्या कोणत्याही जुन्या वाड्यात ओळखीचे आहे. एलकुंचवारांच्या संदर्भात समीक्षक चेकॉव्हचे नाव घेतात आणि ते योग्यच आहे. तरीही विल्यम्स आणि एलकुंचवार यांना एकत्र वाचल्याने एक गोष्ट कळते जी एकट्या चेकॉव्हमुळे कळत नाही. दोघांच्याही घरांची प्रतिष्ठा दुसऱ्यांच्या श्रमावर उभी होती, विल्यम्सच्या बाबतीत गुलामांच्या आणि एलकुंचवारांच्या बाबतीत कुळांच्या व गावगाड्यातील जातींच्या, आणि ती माणसे दोन्ही नाटकांत जवळजवळ अदृश्य आहेत.

त्या अदृश्य बाजूचे अमेरिकन नाटक म्हणजे लॉरेन हॅन्सबरीचे ‘अ रेझिन इन द सन’. ११ मार्च १९५९ रोजी ते ब्रॉडवेवर आले तेव्हा कृष्णवर्णीय स्त्रीचे नाटक तिथे होण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि लेखिका तिशीच्याही आत होती. शिकागोतील कोंदट घरात राहणाऱ्या यंगर कुटुंबाला वडिलांच्या विम्याचे दहा हजार डॉलर मिळतात. आई गोऱ्यांच्या वस्तीतील घराचा विसार देते, आणि वस्तीचा प्रतिनिधी अत्यंत सभ्य भाषेत येऊन सांगतो की तुम्ही न येण्यासाठी आम्ही जास्त पैसे देऊ. हॅन्सबरीच्या वडिलांनी खरोखरच अशा वस्तीत घर घेतले होते, आणि वर्णाच्या आधारे घरविक्री रोखणाऱ्या करारांविरुद्धचा त्यांचा खटला १९४० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ‘कोणत्या समाजाचे?’ या प्रश्नानंतर घर भाड्याने नाकारले जाण्याचा अनुभव महाराष्ट्रातील शहरांत दुर्मिळ नाही, म्हणून या सभ्य प्रतिनिधीचा प्रवेश वर्गात मोठ्याने वाचून घेतल्यास त्यावर वेगळे भाष्य करण्याची गरज पडत नाही.

या नाटकाचा मराठवाड्यातील शेजारी म्हणून नांदेडच्या दत्ता भगत यांचे ‘वाटा पळवाटा’ वाचावे. काका, प्राध्यापक सतीश आणि तरुण कार्यकर्ता अर्जुन अशा दलित चळवळीच्या तीन पिढ्या त्यात एका घरात समोरासमोर येतात, आणि नाटक सवर्ण-दलित संघर्षापाशी न थांबता चळवळीच्या आतले मतभेद उघड करते. हॅन्सबरीच्या घरातही आई, मुलगा आणि आफ्रिकेची ओढ लागलेली मुलगी यांची उत्तरे तशीच एकमेकांना छेद देतात. मराठवाड्यात दलित रंगभूमीची परंपरा त्याआधीची आहे. मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ १९५५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत सादर झाले होते. पुढे ऑगस्ट विल्सनने विसाव्या शतकातील प्रत्येक दशकासाठी एक अशी दहा नाटके लिहिली, त्यांपैकी नऊ पिट्सबर्गच्या एकाच वस्तीत घडतात. एका वस्तीवर इतका विश्वास टाकणारा नाटककार मराठवाड्याला अजून मिळायचा आहे.

आल्बी आणि नंतरच्या पिढीकडे येथे धावती नजर पुरेशी आहे. ब्रॉडवेवरील प्रयोग महाग झाले तेव्हा छोट्या जागांत, कमी खर्चात नवे नाटक करणारी ‘ऑफ-ब्रॉडवे’ रंगभूमी वाढली. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ने चालवलेली चळवळ ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कल्पना लगेच कळेल. आल्बीची ‘द झू स्टोरी’ मात्र न्यूयॉर्कच्याही आधी १९५९ मध्ये बर्लिनमध्ये झाली. सॅम शेपर्डच्या ‘बरीड चाइल्ड’मध्ये (१९७८) इलिनॉयमधील ज्या शेतात कित्येक वर्षे काही पेरलेलेच नाही, त्या शेतातून मुलगा मक्याच्या कणसांचा भारा घेऊन घरात येतो, आणि त्या जमिनीत काय पुरले आहे हे हळूहळू कळत जाते. या सर्वांच्या आधीच्या, थॉर्नटन वाइल्डरच्या ‘अवर टाउन’मधील (१९३८) नेपथ्यविरहित रंगमंच आणि प्रेक्षकांशी थेट बोलणारा स्टेज मॅनेजर यांचे अमेरिकेत फार कौतुक झाले, पण सूत्रधार आणि सोंगाड्या पाहत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

अभ्यासाची रीत म्हणून या सगळ्यातून एकच आग्रह धरावासा वाटतो, तो म्हणजे प्रयोगाचा. युवक महोत्सव आणि राज्य नाट्य स्पर्धा यांमुळे त्याची सवय या भागाला आहेच. त्यासाठी हक्कांची माहिती हवी. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, त्यामुळे मिलर आणि विल्यम्स यांच्या नाटकांचे रूपांतर परवानगीशिवाय करता येत नाही. ओनील मात्र भारतात मुक्त झाला आहे, आणि १९६५ मध्ये वारलेल्या हॅन्सबरीच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या नाटकांची मुदत २०२५ अखेरपर्यंतची आहे. प्रॉव्हिन्सटाउनच्या त्याच मंडळीतील सुझन ग्लास्पेल १९४८ मध्ये वारली, म्हणजे तिच्या ‘ट्रायफल्स’ (१९१६) या एकांकिकेला कोणतीही अडचण नाही, आणि जिंतूरच्या वर्गाने सुरुवात करावी ती याच एकांकिकेने.

आयोवातील एका शेतकऱ्याच्या खुनाचे वार्तांकन ग्लास्पेलने पत्रकार असताना केले होते, त्यावर ही एकांकिका बेतलेली आहे. शेतकऱ्याचा गळा दोरीने आवळलेला सापडतो, बायको तुरुंगात आहे आणि ती रंगमंचावर कधीच येत नाही. पोलीस अधिकारी, सरकारी वकील आणि शेजारी पुरुष घरभर पुरावा शोधतात आणि स्वयंपाकघराला बायकी पसारा म्हणून हसतात. शेजाऱ्याची बायको आणि पोलीस अधिकाऱ्याची बायको मात्र तिथेच बसून अर्धवट शिवलेल्या गोधडीचे एकाएकी वेडेवाकडे झालेले टाके पाहतात, मोडलेला पिंजरा पाहतात, मान पिरगाळलेला कॅनरी पक्षी त्यांना शिवणाच्या पेटीत सापडतो, आणि त्या तो लपवतात. पाच पात्रे, एक चूल आणि साधारण अर्धा तास एवढ्यावर हा प्रयोग होतो. थंडीने फुटलेल्या मुरंब्याच्या बाटल्यांऐवजी लोणच्याच्या बरण्या ठेवता येतील. कॅनरीच्या जागी पोपट ठेवताना एवढेच ध्यानात घ्यावे की देशी पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, त्यामुळे सरकारी वकिलाला आणखी एक गुन्हा सापडायचा. पुरुष पात्रांना कोट-हॅट किंवा परके हावभाव देण्याचे कारण नाही. फौजदार, वकील आणि साक्षीला आलेला शेजारचा शेतकरी ही तिन्ही माणसे तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात रोज दिसतात, आणि त्यांच्या बोलण्याची ढब जिंतूरच्या नटांना शिकवावी लागणार नाही.